तुमची लाइन कुठली?

मुंबईच्या उपनगरात नव्या माणसाशी ओळख झाली की गाव, आडनाव विचारण्याच्या आधी एक प्रश्न येतो. "तुम्ही कुठल्या लाइनला?" उत्तरं दोन, वेस्टर्न किंवा सेंट्रल. हार्बरवाले तिसरे, पण ते उत्तर देताना उगाच थोडे संकोचतात. या एका उत्तरावरून समोरचा बरंच काही ठरवून टाकतो. तुम्ही सकाळी किती वाजता घर सोडता, दादरचा पूल चढता की नाही, पावसाळ्यात तुमच्या किती रजा नाइलाजाने खर्ची पडतात, आणि मुलाच्या मुंजीला बोलावलं तर याल की आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवाल. माझं माहेर मुलुंडचं आणि सासर घाटकोपरचं, त्यामुळे लग्नाने माझं आडनाव बदललं तरी लाइन बदलली नाही. आमच्यात स्थळं बघताना पत्रिकेच्या जोडीला हाही विचार होत असे, आणि तो पत्रिकेपेक्षा शहाणपणाचा होता असं माझं आजही मत आहे.

नकाशा उघडून पाहिलं तर बोरिवली आणि मुलुंड जवळजवळ समोरासमोर आहेत. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. बिबट्याला हे अंतर एका रात्रीचं असेल. माणसाने लोकलने जायचं तर बोरिवलीहून खाली दादरपर्यंत यायचं, पूल चढून सेंट्रलला जायचं आणि पुन्हा तेवढंच वर. डोंगराच्या पोटातून बोगदे काढून ही दोन टोकं जोडायचं काम आता चालू आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता सुमारे बारा किलोमीटरचा, आणि ठाणे-बोरिवलीचा जुळ्या बोगद्याचा प्रकल्पही साधारण त्याच मापाचा. ते होईल तेव्हा होईल. तोवर माझी बोरिवलीची मावशी आमच्याकडे वर्षातून एकदा, गणपतीत येते आणि "तुमच्या लाइनला येणं म्हणजे बाई परगावी जाणं" असं दारातच बजावते.

हा 'लाइन' शब्द इथे रुळांसोबतच आला असणार. रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे की मुंबई ठाण्याला आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्गाने जोडावी ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना 1843 मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली. भांडुप म्हणजे मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधलं आमचं स्टेशन. दहा वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली गाडी धावली. पलीकडच्या बाजूला बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीची विरारहून बॅकबेपर्यंतची उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 पासून सुरू झाली. तिच्या थांब्यांची नावं आज वाचताना हसू येतं: बोरिवलीचं बेरेवला, अंधेरीचं अंदारू. साहेबाच्या कानाला जे लागलं ते त्याने लिहिलं. आपणही त्याचा शब्द कानाला लागला तसा घेतला आणि मग त्याला विचारायला गेलो नाही.

लोहमार्ग, रूळ, पटरी, फलाट हे शब्द आहेत, वापरातही आहेत. वर्तमानपत्रं तर मध्य रेल्वेला 'मरे' आणि पश्चिम रेल्वेला 'परे' म्हणतात आणि "मरे पुन्हा विस्कळीत" असा मथळा छापून मोकळी होतात. बाहेरगावच्या पाहुण्याला त्यात काही अशुभ वाटतं. आम्हाला त्यात फक्त उशीर दिसतो. पण बोलताना कोणी 'मी मरेवर राहते' म्हणत नाही. मी सेंट्रल लाइनला राहते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मराठी माध्यमाची नववी-दहावीची मुलं असतात, बरीचशी घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवरच्या वस्त्यांतून येणारी. वाक्प्रचार वर्णानुक्रमे पाठ करायला दिले की ती कंटाळतात, म्हणून एक रोजचा शब्द घेऊन त्याच्याभोवतीचे सगळे वाक्प्रचार एकत्र द्यायची मला सवय आहे. एकदा 'लाइन' घेतला. ड्रॉप अ लाइन, रीड बिट्वीन द लाइन्स, टो द लाइन, होल्ड द लाइन, ड्रॉ द लाइन, एंड ऑफ द लाइन, क्रॉस द लाइन. आधी अंदाजाने अर्थ सांगा, म्हटलं.

'एंड ऑफ द लाइन' म्हणजे काय? मागून आवाज आला, "टीचर, कसारा की खोपोली?" प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. कल्याणला लाइन फुटते, मग शेवट कुठला धरायचा, ही त्या मुलीची खरी अडचण होती. आता काहीच उरलं नाही, सगळे मार्ग खुंटले, असा अर्थ सांगितल्यावर तिचा चेहरा पडला, कारण तिचे आजी-आजोबा कसाऱ्यालाच राहतात आणि तिच्या दृष्टीने सुट्टी तिथे सुरू होते. 'होल्ड द लाइन' एका मुलाने क्षणात सोडवला. "मी येईपर्यंत माझी लाइन धरून ठेव." रेशनच्या दुकानासमोर, नळावर, शेअर रिक्षाच्या थांब्यावर आपण शेजाऱ्याला हेच सांगतो. फोन न ठेवता थांबा, किंवा लढाईत फळी मोडू देऊ नका, हे त्याचे इंग्रजी अर्थ त्या मुलाला फारच किरकोळ वाटले. 'टो द लाइन'चं तर स्पेलिंग बघायच्या आधीच वर्ग ठाम होता: नो पार्किंगमधली स्कूटर उचलणारी टोइंगची गाडी. आणि 'ड्रॉप मी अ लाइन' फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकांवर जी खुसखुस सुरू झाली तिचं कारण मला विचारावं लागलं नाही. कोणी लाइन मारतं, कोणी लाइन देतं. आता इंग्रज ती वरून टाकतोही म्हटल्यावर पोरांनी काय समजायचं?

ड्रॉप अ लाइनला आपल्याकडे जुना जोडीदार आहे, 'चार ओळी लिहून कळव'. इंग्रज एका ओळीत खुशाली आटपतो आणि आपल्याला चार लागतात, याचं मला बरं वाटतं. टो द लाइनलाही आहे. मर्यादेत राहणाऱ्याला आपण 'नाकासमोर चालणारा' म्हणतो. न राहणाऱ्याला 'सुतासारखा सरळ' करतो. हे सूत मला फार आवडतं. गवंडी आणि सुतार सरळपणा मोजतात तो ताणलेल्या सुताने, म्हणून वाकड्या माणसाला सरळ करायचं मापही सूत. आता गंमत अशी की इंग्रजीतला 'लाइन' लॅटिनमधून येतो आणि त्याच्याही मुळाशी धागाच आहे, जवसाच्या झाडाच्या तंतूंचा. तिकडच्या गवंड्याने तो धागा ताणला आणि इकडच्या गवंड्याने सूत. आज आमच्या इमारतीच्या दुरुस्तीला येणारा मिस्त्री हाताखालच्या पोराला "लाइनदोरी घे रे" म्हणतो. दोन्ही भाषांचा धागा त्याने एका शब्दात वळला आहे आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

पोरांना वाक्प्रचार देता देता माझ्या लक्षात आलं, की आपण इंग्रजांकडून फक्त नाम घेतलं. क्रियापदं सगळी आपली. लाइन लागते, लावावी लागते, धरायची असते, मोडायची नसते. लाइन मारली जाते, दिली जाते, तुटते, जुळते, जाते, येते. माणूस लाइनीला लागतो, लाइनीवर येतो किंवा आणला जातो. अनेकवचन करताना इंग्रजीचा स आपण फेकून दिला आणि 'लायनी' केल्या. 'लाइन मारणे' इंग्रजीत शब्दशः करून दाखवा, कोणत्याही इंग्रजाला ते कळणार नाही. आमच्या नागपूरच्या वहिनी 'लाइन गेली' म्हणतात तेव्हा त्यांच्या घरात अंधार झालेला असतो. मुंबईत त्याला 'लाइट गेले' म्हणतात. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात त्या म्हणाल्या, "लाइन गेली वाटतं," आणि सासऱ्यांनी घड्याळात बघून विचारलं, "कोणती, फास्ट?"

मग रांग या शब्दाचं काय झालं? तो आहे, पण त्याने स्वतःसाठी बरी जागा निवडली. गणेशोत्सवात मंडळाचे फलक पाहा: नवसाची रांग, मुखदर्शनाची रांग. देवाच्या दारी रांग असते, रॉकेलला लाइन असायची. जेवायला बसली की तीच माणसं पंगत होतात. मतदानालाही रांगच म्हणतात, निदान बातमीत तरी. जिथे उभं राहण्यात थोडी शोभा आहे तिथे मराठी शब्द टिकला, आणि जिथे नुसतं ताटकळणं होतं तिथे 'लाइन' बसली. मधल्या काळात 'क्यू'ही होता. माझे वडील बसच्या थांब्यावर नेहमी क्यूत उभे राहत. त्यांची पिढी गेली आणि बेस्टच्या थांब्यांवरून क्यूही गेला. शब्दही गेला आणि ती शिस्तही.

मुंबईत रेशनिंग आलं 1943 मध्ये, युद्धाच्या काळात. युद्ध संपलं, रेशनचं दुकान राहिलं. आमच्या लहानपणी मुलुंडला रॉकेलची गाडी यायची त्या दिवशी पहाटेपासून डबे लायनीत लागायचे. माणसं घरी, डबे रस्त्यावर. ज्याच्याकडे जास्तीचा डबा नसे तो चप्पल ठेवी, नाहीतर वीट. कोणाची वीट कोणती हे सगळ्यांना ठाऊक असे आणि वीट कोणी हलवत नसे. भांडणं व्हायची ती माणसं येऊन उभी राहिल्यावर.

पाण्याचंही तेच. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं ते उपनगरातल्या वस्त्यांना पिण्याचं पाणी मिळावं यासाठी त्या लढल्या म्हणून. पुढे महागाईविरोधात त्या आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवत होत्या. ज्या बायका नळावर आणि रेशनला रोज लायनीत उभ्या राहत होत्या, त्याच मोर्चात ओळीने चालत होत्या. बातमीत त्यांचा 'मोर्चा' झाला. नळावर असताना त्यांची बातमी कोणी लिहिली नव्हती.

आणि पाण्याची लाइन म्हणजे नुसती माणसांची नव्हे. तानसा धरण 1892 चं. त्याचं पाणी शहरात नेणारे लोखंडी नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपर असे आमच्याच बाजूने खाली उतरतात. पालिका त्यांना जलवाहिनी म्हणते. लोक म्हणतात पाइपलाइन, आणि त्यांच्या तोंडी तो पत्ता आहे. "कुठे राहता?" "पाइपलाइनला." शहराचं पाणी ज्यातून वाहतं त्याच्या कडेला घर, आणि घरात नळ नाही, असे संसार मी शाळेत असताना मुलांच्या दाखल्यांवरून पाहिले आहेत. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नळाच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या हटवल्या गेल्या आणि घाटकोपर-विद्याविहारकडच्या अनेक कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, पाठवलं गेलं. 2018 मध्ये त्यातली कित्येक माणसं परत येऊन विद्याविहारला रस्त्यावरच बसली होती. पत्ता कागदावर माहुलचा झाला होता. विचारलं की मात्र पाइपलाइनच सांगत.

लोकलच्या लेडीज डब्यात एक लाइन असते जी दिसत नाही. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली अशी बायकांची स्वतंत्र गाडी सुरू केली त्याच्या कितीतरी आधीपासून ती आहे. डब्यात शिरायचं आणि बसलेल्यांना एकेक करून विचारायचं, "कुठे उतरणार?" कोणी म्हणेल अंधेरी, पण तिची जागा आधीच कोणीतरी सांगून ठेवलेली. मग तिला विचारायचं, तुम्ही कुठे? कांदिवली. बरं, मग कांदिवलीनंतर मी. अशी सांगून ठेवलेली साखळी विंडोपासून चौथ्या सीटपर्यंत सगळ्या डब्याला गुंडाळलेली असते. कोणी काही लिहून ठेवत नाही. मध्येच नवखी बाई रिकाम्या जागेवर टेकली तर तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं जातं त्याला 'लाइन मोडलीस' याहून जास्त शब्द लागत नाहीत. माझी बोरिवलीची मावशी या बाबतीत न्यायाधीश होती. भर गर्दीत, डोळे मिटून, ती सांगू शकत असे की मालाडला कोण उठणार आणि तिथे कोण बसणार. याच मावशीला विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरण्याची हिंमत कधी झाली नाही. लांब जाणाऱ्या वसई-विरारकरांना आपल्या गाडीत मधल्यांची गर्दी नको असते, आणि त्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचंही बरोबर आहे.

अंधेरीत हाच शब्द माणसाचा धंदा सांगतो. "काय करतो मुलगा?" "लाइनमध्ये आहे." कुठल्या, हे विचारायचं नसतं. अंधेरीच्या आंबोलीत फिल्मालय स्टुडिओ 1958 पासून, गोरेगावची चित्रनगरी 1977 पासून, आणि त्यांच्या आधाराने लोखंडवाला ते यारी रोडपर्यंत वाढलेली हजारो भाड्याच्या खोल्यांची वस्ती. तिथे लाइन म्हणजे सिनेमाची लाइन. बाकीच्या जगाला मेडिकल लाइन, इंजिनीअरिंग लाइन, बँकेची लाइन असं विशेषण लावावं लागतं. यांना लागत नाही. या लाइनीत लाइन पाठ करणारे असतात, त्या न मिळालेले असतात, आणि लाइन प्रोड्यूसर नावाचा एक माणूस असतो जो रोजच्या शूटिंगचा खर्च, जेवण, गाड्या, परवानग्या सांभाळतो आणि ज्याचं नाव पडद्यावर येतं तोवर प्रेक्षक बाहेर गेलेले असतात. आमच्या आजीच्या तोंडी मात्र 'लाइनीला लागला' हे शब्द दोन सुरांत येत. एका सुरात पोरगा कामाला लागला. दुसऱ्या सुरात तो बाटलीला लागला. विशेषण ती कधीच लावायची नाही, आणि कोणाचा कधी घोटाळा झाला नाही.

'लाइन क्लिअर' हा मला यातला सगळ्यात देखणा वाक्प्रचार वाटतो, कारण तो जसाच्या तसा रेल्वेच्या कामातून उचललेला आहे. पुढच्या स्टेशनपर्यंतचा रूळ मोकळा आहे असं पुढचा स्टेशन मास्तर सांगेपर्यंत मागच्याने गाडी सोडायची नाही, ही जुनी पद्धत. त्या परवानगीचं नाव लाइन क्लिअर. ती घंटीच्या ठोक्यांनी मागितली जाते, यंत्रावर दिली जाते. एकेरी मार्गावर तर इंजिन ड्रायव्हरच्या हाती धातूचा एक गोळा द्यायची रीत होती. तो गोळा हातात असेल तरच पुढे जायचं, आणि त्या टप्प्यासाठी यंत्रातून दुसरा गोळा निघतच नसे. मुंबईच्या लोकलला हे परवडणारं नाही. इथे दोन-तीन मिनिटांवर गाडी. इथले सिग्नल स्वयंचलित आहेत. गाडी पुढे सरकली की रुळातल्या विजेच्या मंडलामुळे मागचा सिग्नल आपोआप बदलतो, कोणी कोणाला विचारत नाही. तरीही मुलीकडून होकार आला, बॉसने रजा मंजूर केली, सासूबाई देवळात गेल्या, की घाटकोपरचा माणूस म्हणतो, "लाइन क्लिअर." ज्या परवानगीशिवाय त्याची स्वतःची गाडी रोज धावते, तिचं नाव त्याने घरात जपून ठेवलं आहे.

सरकारी मराठीने या शब्दाशी कधी जमवून घेतलं नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. राज्य झालं त्याच वर्षी, 1960 मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झालं, 1962 मध्ये पदनाम कोश आला आणि कचेरीला मराठी शब्द मिळाले. ते काम करावंच लागणार होतं. तीच परंपरा पुढे चालवत मेट्रोने लाइनला 'मार्गिका' केलं. शब्द सुबक आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मार्गिका 8 जून 2014 ला सुरू झाली आणि 11.4 किलोमीटरमध्ये तिने वेस्टर्न आणि सेंट्रल या दोन सोयऱ्यांना एका पंगतीला बसवलं. त्याआधी साकीनाक्याच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये उभं राहून मी माणसांचे संसार मोडताना नाही तरी डुगडुगताना ऐकले आहेत. पण 'मी मार्गिका एकने आले' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मेट्रो वन, मेट्रो सेव्हन, टू ए, असंच म्हणतात. पाटीवर मार्गिका असावी, जरूर असावी. तिला वाक्प्रचार मात्र फुटणार नाहीत, कारण तिथे कोणी वीट ठेवून जागा धरलेली नाही. वाक्प्रचार तयार व्हायला माणसांना त्या शब्दात बराच वेळ उभं राहावं लागतं. मेट्रोच्या डब्यात गारवा आहे आणि गाडी वेळेवर येते.

'दारिद्र्यरेषा' आणि 'पूररेषा' हे शब्दही सरकारचेच, आणि तिथे रेषाच हवी. नदीच्या काठी कुठपर्यंत घर बांधायचं हे ठरवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा कागदावर आखलेल्या आहेत. नदीला मात्र त्या दिसत नाहीत. कागदावरचं आखणं जमिनीवर तसंच उतरेल असं नसतं. अंधेरीचा गोखले पूल आठवतो? 3 जुलै 2018 ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर 2022 मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा कळलं की तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला भिडतच नाही. उंचीत जवळपास दीड मीटरचा फरक. आमच्या मिस्त्रीने टीव्हीवर ते पाहून एवढंच म्हटलं, "लाइन बरोबर आहे, लेव्हल चुकली." मग बर्फीवाला पूल खालून उचलून जुळवला, आणि जुलैमध्ये दोन्ही जोडले गेले.

क्रॉस द लाइन मी शिकवणीच्या त्या दिवशी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मर्यादा ओलांडणे, जे बोलू किंवा करू नये ते करणे. त्याला आपल्याकडे लक्ष्मणरेषा आहेच, मुलांनीही तीच सांगितली. मग वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर एकाने वहीत लिहिलं, माझे काका दर दिवशी कामाला जाताना लाइन क्रॉस करतात. व्याकरण अचूक. मला खूण करायला काही जागा सापडेना.

इंग्रजीत हा वाक्प्रचार अलंकारिक आहे. विद्याविहार आणि घाटकोपरच्या मध्ये, किंवा कांजूर आणि भांडुपच्या मध्ये राहणाऱ्याला तो रोजचा रस्ता आहे. वस्ती एका बाजूला, कारखाना, शाळा, बाजार दुसऱ्या बाजूला, आणि पूल स्टेशनजवळ, म्हणजे लांब. कोविडची दोन वर्षं वगळली तर मुंबईच्या लोकल मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरत आली आहेत. गाडीतून पडून मरणारे आहेतच, पण सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. रेल्वे कायद्याचं 147 वं कलम यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं सांगतं. ते स्टेशनवर पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी वाचत वाचत माणसं खाली उतरतात.

वडाळ्याला 2009-10 च्या सुमारास एक वेगळा प्रयोग झाला. माणसाचं वागणं अभ्यासणाऱ्या एका संस्थेने रेल्वेच्या मदतीने तो केला. त्यांचं निरीक्षण असं की मोठी वस्तू समोरून येत असताना तिचा वेग माणसाला असतो त्याहून कमी वाटतो, म्हणून तो मनात हिशेब करतो, एवढ्यात जाईन, आणि हिशेब चुकतो. त्यांनी काही अंतराने रुळांखालचे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती भराभर पट्टे गिळते आहे ते डोळ्यांना कळावं. सलग लांब शिट्टीऐवजी थांबून थांबून दोनदा शिट्टी द्यायला सांगितली. आणि धमकीच्या पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या किंचाळणाऱ्या चेहऱ्याचे फोटो लावले. तिथले मृत्यू बरेच घटले. रंगाचे डबे आणि थोडा विचार, खर्च एवढाच होता.

त्या मुलाच्या वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली आणि खाली मराठीत लिहिलं, काकांना सांग, पुलावरून जायला. त्याने सांगितलं की नाही मला माहीत नाही. तुम्ही कुठल्याही लाइनचे असा, मरेचे, परेचे किंवा हार्बरचे, तुमच्या घरातही असा एखादा काका असेल, नाहीतर तुम्ही स्वतःच असाल. पूल लांब आहे, पायऱ्या मोडक्या आहेत, वरचं छत गळतं, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी रेल्वेशी भांडायला हवं. भांडा, पण पुलावरून जाऊन भांडा.